कवळीचं चरित्र

४ जून

प्रिय भिंगरी,

सोबतच्या डबीत दात आहेत. दचकू नकोस, माझे नाहीत. माझे अजून जागेवर आहेत आणि त्यांची धार तुला माहीत आहे.

ही वरची कवळी बसच्या मागच्या बाकाखाली सापडली. आमच्या सापडलेल्या वस्तूंच्या विभागात येऊन तिला आता तीन महिने झाले, आणि तीन महिन्यांनी बेवारस वस्तूचा लिलाव करायचा असा नियम आहे. छत्र्यांचा होतो, डब्यांचा होतो, मागे एका कुबडीचासुद्धा झाला. (कुबडी विसरलेला माणूस बसमधून उतरला कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) पण वापरलेल्या दातांवर बोली कोण लावणार? साहेब म्हणाले, "द्या फेकून." मी म्हटलं, "थांबा, माझा धाकटा भाऊ याच धंद्यात आहे. डेंटल लॅबमध्ये कवळ्याच करतो. त्याला विचारते."

तर बघ आणि सांग. माणूस कसा होता? हसणारा की कुरकुरणारा? बायकोला भिणारा की तसं नुसतं दाखवणारा? पूर्वी तू एक झिजलेली दाढ बघून अख्ख्या माणसाची जन्मपत्रिका मांडायचास. मला निदान चार पानं हवीत.

दारूला शिवून तुला वर्ष झालं म्हणे. तुझ्या मौनीने फोनवर सांगितलं, तिच्या पद्धतीने, चार शब्दांत. गोळ्याही वेळेवर चालू आहेत असं कळलं. आनंद आहे. खरंच आहे. तुझ्या-माझ्यातले फोन बंद करून आपल्याला पत्रांवर आणलं ते तुझ्या डॉक्टरीणबाईंनी. काय म्हणाल्या होत्या? तापलेलं डोकं फोनवरून जसंच्या तसं पोचतं, पाकिटातून जाईपर्यंत जरा निवतं. शहाणी बाई. पण निवायला आधी काहीतरी गरम असावं लागतं ना रे? वर्षभर तुझ्या पत्रांत हवामान आणि तब्येत सोडून काही नाही. बाबा असते तर तुला शेवटी वाढलं असतं.

आठवतं ना? जेवायला बसल्यावर जो सगळ्यांना हसवेल त्याच्या ताटात पहिलं वाढायचं. तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून गरम गरम तुझ्याच ताटात पडत आलं आणि आम्ही बाकीचे निवलेलं खात मोठे झालो. आणि पत्रात 'बाकी विशेष काही नाही' असं लिहिणाऱ्याने पोस्टाला उगाच त्रास देऊ नये, हेही त्यांचंच.

चार पानं. वाट बघते.

तुझी,
अक्का

•

११ जून

प्रिय अक्का,

डबी मिळाली. कवळी वरची आहे. काम बरं आहे, पण आमच्या लॅबचं नाही. उजव्या बाजूला एकदा दुरुस्ती झाली आहे. माणूस साठीच्या पुढचा असावा आणि उजव्या बाजूने जास्त चावत असणार.

मी ठीक आहे. रक्त तपासलं. लिथियम जेवढं हवं तेवढं आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात थोडे थरथरतात, ते गोळ्यांमुळे. त्यामुळे मेणात दात बसवायचं काम मालकांनी दुसऱ्याला दिलं आहे. मी साच्यात प्लास्टर ओततो आणि शेवटी पॉलिश करतो. प्लास्टरला थरथर चालते. उलट बरी. हलवल्याने त्यातले बुडबुडे निघून जातात.

संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो. मौनीने खिडकीत कुंडी ठेवली आहे. तिला अजून फूल आलेलं नाही.

चार पानांएवढं काही सुचलं नाही.

बाकी विशेष काही नाही.

भिंगरी

•

१६ जून

प्रिय भिंगरी,

हे पत्र आहे की कवळी पोचल्याची पावती? 'उजव्या बाजूने जास्त चावत असणार.' अरे, एवढं तर आमच्या बसचा ड्रायव्हरही सांगेल, आणि त्याला रस्ता सोडून काही दिसत नाही. तेही कधीकधीच.

डब्याच्या सुट्टीत विभागातले सगळे माझ्याभोवती जमले होते. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्या भावाचं पत्र म्हणजे काय ते बघा. साहेब खुर्ची ओढून बसले. मी वाचलं. कुंडीपाशी पोचले तेव्हा झाडूवाली म्हणाली, "बाई, पुढे?" म्हटलं, पुढे काही नाही, फूल यायचं आहे.

चेष्टा करते आहे, हे कळतंय ना तुला? हल्ली तेही पत्रात लिहून कळवावं लागतं की काय, कोण जाणे. डॉक्टरीणबाईंना एकदा विचार, विनोदाची गोळी वेगळी मिळते का, की ती कापूनच या गोळ्या बनवतात? तुला बरं केलं याबद्दल त्यांचे आभार, पण बरं करून त्यांनी परत कुणाला पाठवलं? माझ्या भावाला मी शेवटचं कधी बघितलं ते सांगू शकते. त्याचं वर्णनही देते: किडकिडीत, बोलताना हात नाचवणारा, अंत्ययात्रेतसुद्धा लोकांना हसू दाबायला लावणारा. सापडल्यास कृपया विभागात आणून द्यावा.

कवळी तुझ्याकडेच राहू दे. चार पानं अजून बाकी आहेत.

अक्का

•

९ जुलै

अक्का, अक्का, अक्का,

आधी पाणी पी आणि बस. उभ्याने वाचू नकोस. एक विनोद पायाला लागेल असा आहे.

तुझ्या कवळीशी माझं सविस्तर बोलणं झालं. (ती बोलते. कवळ्या बोलतातच, माणसंच मधे मधे येतात.) तिचा मालक म्हणजे वजनंमापं तपासणारा निरीक्षक. पुढच्या दातांवरची खाच पेन्सिल चावल्याची, आणि पेन्सिल चावतो तो माणूस आकडे खाणारा. आयुष्यभर दुसऱ्याचे काटे तपासले, घरी आल्यावर मात्र बायकोने त्याला रोज तोलला आणि रोज कमी भरला. जेवताना बायको डावीकडे बसायची. डावीकडे चावायचं तर तोंड तिकडे करावं लागणार, म्हणून बिचारा चाळीस वर्षं उजवीकडेच चावत राहिला. डावी बाजू बघ, कोरी करकरीत. लग्नात मिळालेल्या भांड्यासारखी. कधी वापरलीच नाही.

आता ती दुरुस्ती. एक दिवस त्याने ठरवलं, आज बोलायचंच. उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि वाक्य एवढं मोठं होतं की वाक्याआधी दात बाहेर पडले. थेट मोरीत. दोन तुकडे. बायको म्हणाली, "झालं बोलून?" ते वाक्य तसंच आत राहिलं. कवळी जोडून आणली, पण जोडाच्या फटीत ते वाक्य अजून अडकलेलं आहे. मी भिंगाखाली बघितलं. क्रियापद दिसतं, कर्ता पळून गेलाय.

आणि बस. अक्का, ती कवळी हरवलेली नाही. सोडलेली आहे! मागच्या बाकावर बसून त्याने ती काढली, रुमालाने पुसली आणि बाकाखाली हळूच ठेवली, मांजराचं पिल्लू ठेवावं तशी. मग मोकळ्या तोंडाने घरी गेला आणि बायकोकडे बघून हसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं, कोण हे गोड म्हातारं? साहेबांना सांग, तुमच्या विभागाच्या पाटीवर निम्मी जागा रिकामी करा आणि तिथे लिहा: सोडलेल्या वस्तू.

खरी बातमी पुढे आहे. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात गेलो होतो. काय तोंडं आहेत एकेक! कुणाची कवळी टोचते, कुणाची जेवताना गळ्यात येते. एका आजोबांची इतकी सैल की 'स' म्हटला की शिट्टी वाजते. त्यांनी 'सकाळी सहाला साखर संपली' म्हटलं आणि स्वयंपाकघरातलं मांजर धावत आलं. मी सगळ्यांच्या कवळ्या नव्यासारख्या करून देणार. फुकट! मग तिथून पुढचा वृद्धाश्रम, मग पुढचा. माझी स्वतःची लॅब निघते आहे. मालकांना कळवलंय, तुम्हाला नोकरीवर ठेवीन. ते विचार करतायत बहुतेक, कारण तोंड उघडंच होतं.

आणि हात! बघ हे अक्षर. दगडावर कोरल्यासारखं. गुपित सांगू? गोळ्यांना उन्हाळी सुट्टी दिली आहे आणि त्यांच्या जागी एक छोटा पेला बदली कामगार म्हणून ठेवलाय. सकाळी एक पाळी, दुपारी एक. कामाला चोख, एकदाही थरथरत नाही. झोप मात्र लोकांनी का लावून घेतली कळत नाही, चांगला निम्मा माणूस वाया जातो.

मौनी बोलत नाही. म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बोलत नाही.

चार मागितली होतीस, अकरा लिहिली होती. सात तुझ्यासाठी गाळली.

तुझा तोच,
भिंगरी

•

१४ जुलै

माझ्या भिंगरी,

आलास! अरे, कुठे होतास वर्षभर?

पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा विभागाला, आणि एकदा साहेबांनी डेपो मॅनेजरला बोलावून आणून. 'झालं बोलून?'ला तिकीट तपासनीस एवढा हसला की बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाटलं आपल्या हरवलेल्या पिशवीवरच हसतायत. 'बदली कामगारा'ला तर साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. (ती गंमतच ना? लबाडा, मला क्षणभर खरंच वाटलं होतं.) झाडूवाली म्हणाली, "बाई, असा भाऊ असला तर माणसाला सिनेमा कशाला लागतोय."

पाटी बदलायचं साहेबांनी मनावर घेतलंय. वर अर्ज करावा लागेल म्हणाले. म्हणजे आपली नातवंडं बघतील.

मौनीचं मनावर घेऊ नकोस. ती पहिल्यापासून तशीच. बाबांनी उगाच का ते नाव ठेवलं? लग्नानंतर वर्षभर त्यांनी तिला हसवायचा प्रयत्न केला आणि शेवटी म्हणाले, "ही मुलगी नाही, हे वाचनालय आहे."

आज माझ्या ताटात पहिलं वाढलं ते मी तसंच ठेवलं. तुझं म्हणून.

पुढचं लौकर लिही. शिट्टीवाल्या आजोबांचं काय झालं, सगळा डेपो विचारतोय.

अक्का

•

१० ऑगस्ट

भिंगरी,

महिना होत आला. मोठा लॅबमालक झालास, आता आम्हा गरिबांना कसली पत्रं.

डेपोत विचारतात. मी सांगते, कामात आहे. एकोणिसावा वृद्धाश्रम चालू असेल. अजून तरी माझ्या थापांवर लोक विश्वास ठेवतात. त्या मी तुझ्याकडूनच शिकले.

दोन ओळी टाक. 'बाकी विशेष काही नाही' असलं तरी चालेल. एकदाच.

अक्का

•

२० ऑगस्ट

ती. वन्सं यांस,

सा. न. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते, कारण फोनवर मला एवढं बोलता येणार नाही आणि तुम्ही मधे बोलाल.

हे इस्पितळात आहेत. जिवाला धोका नाही. पहिले दहा दिवस होता.

घडलं ते असं. जुलैच्या शेवटी वृद्धाश्रमात जाऊन यांनी एकोणीस माणसांच्या कवळ्या गोळा केल्या. सगळ्यांना सांगितलं, आठवड्यात नव्या करून आणतो. म्हाताऱ्या माणसांनी विश्वासाने तोंडातनं काढून दिल्या. यांनी सगळ्यांना इतकं हसवलं होतं की कुणी नाही म्हणालं नाही. लॅबमध्ये आणल्या आणि ज्या वाट्यांतून त्या आल्या त्यांवरची नावं न बघता धुवायला म्हणून एका बादलीत ओतल्या. मग पुढे दोन दिवस दारू. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांना ते लॅबच्या फरशीवर सापडले. शेजारी बादली.

तुम्हाला वाटत असेल, मी का नाही थांबवलं. वन्सं, मी थांबवते म्हणूनच मी या घरात मौनी आहे. तुम्हाला ते हसवताना दिसतात. मला त्याआधीचं कळतं. जेवताना सलग तीन विनोद झाले की मी उठून कपाटं तपासते, बाटली कुठे असेल म्हणून. लोक हसत असतात तेव्हा मी संडासाच्या टाकीत हात घालून बघत असते. मग सगळे म्हणतात, हिला विनोद कळत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं, बायपोलर म्हणजे काय. मला चित्राची गरज नव्हती. वर असतात तेव्हा खाली यायला पितात, खाली असतात तेव्हा वर जायला. गोळ्या चालू असल्या की मधे असतात आणि मधे असले की पीत नाहीत. फक्त हात थरथरतात, आणि ते यांना सहन होत नाही. एका घोटात हात थांबतो. तो घोट एकच राहत नाही. बाई म्हणाल्या, दोन्ही आजार एकदम धरायला हवेत, एकाला सोडून दुसरा बरा होत नाही.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातलं एकच वर्ष कंटाळवाणं गेलं. संध्याकाळी चालायला जायचो. काही बोलायचो नाही. मला तेच वर्ष परत हवं आहे.

तुमचं सोळा जूनचं पत्र यांनी लॅबमध्ये कामाच्या टेबलासमोर भिंतीला लावलं होतं. 'सापडल्यास कृपया विभागात आणून द्यावा' या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ आहे. मी ते काढून आणलं. फाडलं नाही. तुमचं तुम्हाला परत पाठवते.

रागावून लिहिलेलं नाही. मला तुमची गरज आहे. वृद्धाश्रमात एकोणीस माणसं तीन आठवडे सूप आणि कुस्करलेला बटाटा खातायत. बादलीत कुणाची वरची, कुणाची खालची, कुणाच्या दोन्ही, आणि त्यातच ती तुमची बसमधली. मालक म्हणतात, मला वेगळ्या करता येणार नाहीत. ज्यांना येतील त्यांना सध्या स्वतःचं नावही उशिरा आठवतं. तुम्ही वीस वर्षं हरवलेल्या वस्तू ज्याच्या त्याला देता. याल का?

तुमची,
भावजय

•

२३ ऑगस्ट

मौनी,

सुट्टी मिळाली. परवा सकाळी पोचते. माझ्यासाठी काही रांधू नकोस.

अक्का

•

९ सप्टेंबर

ती. वन्सं यांस,

सा. न. तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटतंय. तुम्ही आठ दिवसांत एकही विनोद केला नाहीत. मला काळजी वाटली.

वृद्धाश्रमातून निरोप आहे, सगळ्यांचे दात नीट बसले. तुम्ही एकेकाला समोर बसवून 'वस्तूची ओळख पटेल अशी खूण सांगा' म्हणून विचारायचात, ते तिथल्या आज्या अजून एकमेकींना विचारतात. जांभळ्या शालवाल्या आजींच्या तोंडात आधी दुसऱ्याच कुणाची बसवली होती. त्या म्हणतात, दोन दिवस मला न आवडणारे पदार्थ आवडत होते. मी हसले. तुम्हाला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं.

एकच वाईट. शिट्टीवाले आजोबा, जे आपण गेलो तेव्हा दवाखान्यात होते. त्यांची कवळी तुम्ही बाजूला काढून ठेवली होती ना, ते परत आले की द्यायला. मी गुरुवारी घेऊन गेले. खाट मोकळी होती आणि गादी उन्हात टाकली होती. छातीत कफ साचला होता म्हणाले. आधीपासूनच होता. शेवटचे चार आठवडे ते कुणाशी बोलत नव्हते. तोंडात दात नाहीत म्हणून लाज वाटायची, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मांजर दारापर्यंत यायचं आणि परत जायचं.

यांना यातलं काही सांगायचं नाही. हे आता बसतात, जेवतात, गोळी घेतात. त्यांना शिट्टीवाले आजोबा फार आवडायचे. कळलं तर इस्पितळातून सुटल्यावर पहिलं कुठे जातील, ते मला माहीत आहे.

कवळी तुमच्याकडे पाठवते. घरात राहिली तर नजरेला पडेल. तुमच्याकडे अशा वस्तूंना जागा असते.

तुमची,
भावजय

•

२ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

अक्षर असंच येतं. हळू वाच.

मला आता बाहेरच्या बागेत बसू देतात. गोळ्या पुन्हा चालू आहेत. हात आधीपेक्षा जास्त थरथरतो. बाई म्हणाल्या मात्रा ठरेपर्यंत राहील, त्यावरही औषध असतं, आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, सुचलं नाही.

तू आली होतीस असं ही म्हणाली. मला आठवतं थोडं. तू पलंगाशी बसली होतीस आणि माझी नखं कापत होतीस. काही बोलली नाहीस. मला वाटलं, दुसरीच कुणी आहे.

कवळ्या सगळ्यांना मिळाल्या म्हणते. मी विचारलं, आजोबांची शिट्टी गेली का? ही म्हणाली, हो, गेली. मग खिडकीबाहेर बघायला लागली. अकरा वर्षांत ही माझ्याशी खोटं बोललेली नाही, त्यामुळे तिला ते जमत नाही.

मालक येऊन गेले. प्लास्टरच्या कामावर परत घेतो म्हणाले. मेणाचं नाही. कधीच नाही.

मी पंधरा तारखेला घरी जाणार. त्याआधी आजोबांचं खरं काय ते कळव. तू सांगशील. तुझे दात तीक्ष्ण आहेत.

भिंगरी

•

८ ऑक्टोबर

भिंगरी,

हे पत्र मी मौनीच्या नावाने पाठवते आहे. तिने आधी वाचावं आणि कधी द्यायचं ते तिने ठरवावं. द्यायचंच नाही असं ठरवलं तर तेही बरोबर. मौनी, तुला जे माहीत आहे ते या घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही तुला अकरा वर्षं शेवटी वाढलं.

भिंगरी, आजोबा गेले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. छातीच्या आजाराने गेले, तो आधीपासून होता. तुझ्यामुळे गेले नाहीत. पण शेवटचा महिना त्यांच्या तोंडात दात नव्हते आणि ते बोलत नव्हते, आणि ते मात्र आपल्यामुळे. आपल्यामुळे म्हणते आहे, कारण त्या बादलीत माझी डबीही होती.

हे सांगू नये असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं. पण आपल्या घरात आजपर्यंत एकही वाईट बातमी सरळ सांगितली गेलेली नाही. बाबा त्या दिवशी छपरावर चढले तेव्हा भर पावसात तिथून भाषण देत होते आणि खाली आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. उतरताना पडले. त्यांच्या खिशात बाटली होती, ती फुटली नाही. त्यावरही तेराव्याला कुणीतरी विनोद केला. तूच केलास आणि मी हसले. त्याला आपण बाबांचा स्वभाव म्हणायचो. डॉक्टरीणबाईंनी मला त्याचं दुसरं नाव सांगितलं. ते तुझ्या कागदांवर लिहिलेलं आहे.

तुझं नऊ जुलैचं पत्र मी आता कुणाला वाचून दाखवत नाही. ते फार चांगलं आहे. त्याच्यासारखं मला पुन्हा पाठवू नकोस.

अकरा जूनचं मात्र मी पुन्हा वाचलं. कुंडीला फूल आलं का?

अक्का

•

२६ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

पत्र मिळालं. हिने मी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दिलं आणि समोर बसून राहिली.

त्यानंतर आठवडाभर काही लिहिलं नाही. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकान उघडं होतं. बाहेर उभा राहिलो. ही मागून येत होती, हाक न मारता. मग आम्ही तिथून पुढे चालत गेलो आणि परत आलो.

काल वृद्धाश्रमात गेलो. हीपण आली. आजोबांची खाट दुसऱ्या कुणाला दिली आहे. तिथे कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एका आजींची खालची टोचत होती, पण मी हात लावला नाही. दंतवैद्याकडे जायला सांगितलं.

सोमवारपासून लॅब. प्लास्टर ओततो. पेला उचलताना हात थरथरतो. पेला म्हणजे पाण्याचा. गोळी सकाळी आणि रात्री, ही देते आणि मी गिळेपर्यंत बघते. मी तोंड उघडून दाखवतो.

कुंडीला फूल आलेलं नाही. पान एक नवीन आहे.

आजोबांची कवळी तुझ्याकडे आहे असं ही म्हणाली. लिलाव करू नकोस. फेकूही नकोस. तिथेच राहू दे.

हवा कोरडी आहे.

बाकी विशेष काही नाही.

भिंगरी